मंगळवारची ईद

रविराज बारंगुळेला कागदावर नसलेल्या गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. चाकणजवळ निघोज्याच्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, तो सुपरवायझर. बार्शीकडून डिप्लोमा करून आलेला, पत्रे उचलण्यापासून सुरुवात करून वर चढलेला. वर चढलेल्या माणसाला काही ना काही नाद लागतोच, ह्याला रोस्टरचा लागला होता. महिन्याचं रोस्टर तो आदल्या महिन्याच्या पंचवीस तारखेलाच तयार करायचा. हिरवा रंग म्हणजे हजर, पिवळा म्हणजे सुट्टी, लाल म्हणजे ओव्हरटाइम. एकदा ते छापून बोर्डावर लागलं की खुद्द ब्रह्मदेव आला तरी त्यात बदल होणार नाही, असं तो टपरीवर चहा पिताना अभिमानाने सांगायचा. ब्रह्मदेव काही कधी आला नाही. चंद्रही आला नाही, आणि सगळा घोळ त्यामुळेच झाला.

त्याच्या हाताखाली याकूब मणेर नावाचा सेटर होता. प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवायचं काम त्याचं. कंपनीत सेटर तिघे होते, पण चार नंबरच्या प्रेसची डाय फक्त याकूबचंच ऐकायची. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, कुठं किती घासतंय. याकूब परांड्याकडचा, म्हणजे बार्शीहून तासाभराच्या वाटेवरचा, त्यामुळे रविराजला तो आपल्या भागातला म्हणून जवळचा वाटायचा. जवळच कुरुळीत दोन खोल्या घेऊन बायको जुलेखा आणि दोन मुलींसोबत राहायचा. कामाला वाघ आणि बोलायला गाय.

गेल्या वर्षी रमजान लागला तेव्हा रविराजने एक चांगली गोष्ट केली होती. ती आधी सांगायला हवी, कारण तो काही वाईट माणूस नव्हे. रोजे धरून दुसऱ्या शिफ्टला राहिलं की संध्याकाळचा रोजा मशीनपाशीच सोडावा लागतो, बाटलीतल्या पाण्यावर आणि खिशातल्या खजुरावर. रविराजने याकूबने न मागताच त्याला महिनाभर पहिली शिफ्ट दिली. सात ते साडेतीन. याकूब रोज उजेडी घरी पोचायचा.

"बरं झालं साहेब," याकूब म्हणाला होता. "अब्बा आलेत गावाहून. अम्मा गेल्यापासून गावात एकटेच रोजा सोडत होते. म्हटलं, ह्या वर्षी इकडं या. माझ्यासोबत दस्तरखानावर रोजा सोडायला बसतील."

"किती दिवस राहणार आहेत?"

"ईद करूनच जाणार. बापलेकांनी एकत्र ईदची नमाज पढून आठ वर्षं झाली, साहेब. दर वर्षी काही ना काही निघतं. ह्या वर्षी चाकणला दोघं मिळून जाऊ."

याकूबचे वडील बाबूलाल मणेर. बांगड्यांची पेटी खांद्यावर टाकून पन्नास वर्षं गावोगाव हिंडलेला माणूस. परांडा तालुक्यातल्या निम्म्या बायकांच्या हातात लग्नाचा चुडा त्यांनीच भरला असेल. हे सगळं याकूबने पाच मिनिटांच्या चहात सांगितलं. तो एवढं बोलल्याचं रविराजला नवलच वाटलं होतं.

मग ईदची सुट्टी टाकायची वेळ आली. भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारच्या चौकोनात रमजान ईद छापलेली होती. रविराजने सोमवार पिवळा केला आणि चार नंबरवर दुसरा सेटर लावला. मंगळवारी मार्चअखेर. त्या दिवशी वर्षाची शेवटची गाडी भरायची होती, म्हणून सगळ्यांचे चौकोन हिरवेगार.

याकूब बोर्डासमोर उभा राहिला, डोकं खाजवलं आणि केबिनमध्ये आला. "साहेब, सोमवार पक्का नाही अजून. रविवारी चाँद दिसला तर सोमवार. नाही दिसला तर मंगळवार."

"कॅलेंडरात सोमवार आहे की."

"कॅलेंडरवाल्यानं अंदाजानं छापलंय, साहेब."

"अरे, आजकाल सगळं गणितानं कळतं. चंद्र कधी उगवणार ते शंभर वर्षांचं काढून ठेवलंय लोकांनी."

"उगवणं वेगळं आणि दिसणं वेगळं," याकूब म्हणाला. "डोळ्यांनी दिसावा लागतो. दिसल्याची खबर आली की मगच ईद."

आता ह्याला काय म्हणावं? रविराजच्या घरी संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात बघून उपास सुटायचा, आभाळ भरलेलं असलं तरी. तो हसला आणि म्हणाला, "दिसेल रे. एवढा मोठा चंद्र, जातोय कुठं." याकूबही हसला. तिथंच एक चौकोन कोरा ठेवला असता, दोन्ही दिवसांवर पेन्सिलीने खूण केली असती, तर पुढचं काही घडलं नसतं. पण कोरा चौकोन रविराजला बघवत नसे.

रविवारी एकोणतिसावा रोजा. संध्याकाळी मोशीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये रविराज टीव्ही बघत होता, तेवढ्यात याकूबचा मेसेज आला. चाँद दिसला नाही. उद्या तिसावा रोजा, ईद मंगळवारी. उद्या कामावर येतो, मंगळवारी सुट्टी द्या, मेहरबानी होईल.

रविराजच्या कपाळावर आठी पडली. मंगळवारच्या गाडीत चार नंबरचेच ब्रॅकेट सर्वांत जास्त होते. प्लांटचे मोठे साहेब हरिहर सर, ते त्या दिवशी सकाळपासून डिस्पॅचला उभे राहणार होते. दुसऱ्या सेटरकडून काम झालं नसतं असं नाही. अडखळत झालं असतं, हरिहर सरांचे दोन शब्द ऐकावे लागले असते. घोडं इथंच पेंड खात होतं. रविराजला ते दोन शब्द नको होते. त्याने लिहिलं, "रोस्टर लॉक झालंय, आता काही करता येणार नाही. तुझी सोमवारची सुट्टी भरपगारी आहेच. एक दिवसाने काय होतंय? बकरी ईदला चार दिवस घे, माझा शब्द."

रोस्टर लॉक करणारा तोच होता, उघडणाराही तोच.

रात्री उशिरा उत्तर आलं, "ठीक आहे साहेब." सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून रविराजने फोन पालथा ठेवला.

मंगळवारी याकूब सातच्या ठोक्याला हजर होता. नेहमीचा निळा युनिफॉर्म, फक्त कानामागे अत्तराचा वास. कुणी ईद मुबारक म्हटलं तर मान हलवत होता. चाकणला नमाज उभी राहिली त्या वेळी तो चार नंबरच्या खाली वाकून बोल्ट आवळत होता. जन्मात पहिल्यांदा त्याची ईदची नमाज हुकली. हे रविराजला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याने काय केलं असतं, हेही त्याला आज खात्रीने सांगता येत नाही.

दहा वाजता गेटवरून फोन आला. गेटवर चिमाजी होता. निघोज्याचाच म्हातारा गडी, ज्याच्या भावकीची जमीन कंपनीखाली गेली आणि ज्याला कंपनीने बदल्यात शिट्टी दिली.

"सायेब, एक म्हातारं आलंय. याकूबचा बाप हाय. तुमास्नी भेटायचं म्हणतोय."

"याकूबला?"

"न्हाई न्हाई, तुमास्नीच. दोन मिंटं म्हणतोय."

रविराजने लगेच अंदाज बांधला. म्हातारा गयावया करायला आला असणार, पोराला सोडा म्हणायला. सणाच्या दिवशी म्हातारा माणूस हात जोडून समोर उभा राहिला तर आपण नाही म्हणू शकणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि हो म्हटलं तर चार नंबर अडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तो चटकन म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग. वेळ लागेल म्हणावं."

फोन ठेवला आणि उठून खिडकीशी गेला. त्याची केबिन पहिल्या मजल्यावर. एका बाजूच्या काचेतून प्रेसशॉप दिसायचं, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून गेट. ह्या खिडकीला काळी फिल्म लावलेली होती, बाहेरचं धुरकट दिसे. म्हणून त्याने काच चार बोटं सरकवली आणि फटीतून बघितलं.

भरायला आलेल्या ट्रकच्या रांगेशेजारी एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. पांढरा सदरा-पायजमा, त्यावर काळी बंडी, डोक्यावर जाळीची टोपी. कपड्यांची इस्त्री इथूनही कळत होती. हात मागे होते. चिमाजीने खुर्ची पुढे केली, तर म्हाताऱ्याने मानेनेच नको म्हटलं. मग त्याने इमारतीकडे मान वर केली. रविराज झटकन मागे सरला.

त्याने एक मेल लिहिला, दोन फोन केले. साडेदहाला बघितलं, म्हातारा होताच. अकराला पाहिलं, तरी होता. ट्रकची सावली सरकली होती, तो त्या सावलीबरोबर दोन पावलं सरकला होता. रविराजने स्वतःला सांगितलं, जाईल आता. साडेअकराला जागा मोकळी दिसली तेव्हा त्याला हुश्श झालं. हे हुश्श होणं त्याला पुढे वर्षभर पुरलं.

पाचच मिनिटांनी चिमाजी जिना चढून वर आला. त्याच्या हातात कडीचा स्टीलचा डबा होता, वर स्वच्छ फडकं बांधलेलं.

"याकूबला द्यायचाय?" रविराजने विचारलं.

"न्हाई, तुमचा हाय. त्यासाठीच आल्तं म्हातारं. मी म्हनलं, मीटिंग हाय, ठेवून जावा. तर म्हनलं, सनाचं हाय, हातात देतो. दीड तास ताटकळलं बगा. खुर्चीवर बसा म्हनलं तर म्हनतंय, नवी कापडं चुरगळत्यात." चिमाजीने डबा टेबलावर ठेवला. "शेवटाला म्हनलं, साहेबांना सांगा, महिनाभर पोराला पहिली शिफ्ट दिली. तुमच्यामुळं पोरानं तीस रोजे माझ्या शेजारी बसून सोडले. मला लई मोठी गोष्ट हाय. म्हनून खीर आणली."

"सुट्टीचं काही बोलले?"

"सुट्टीचं? न्हाई बा."

चिमाजी गेला. रविराज डब्याकडे बघत बसला. त्याला वाटलं, धावत खाली जावं, म्हातारा अजून रस्त्यावर रिक्षाची वाट बघत असेल. तसं वाटलं हे खरं आहे. आणि तो उठला नाही हेही खरं आहे. खाली जाऊन काय सांगणार होता? मीटिंग आत्ताच संपली म्हणून?

दोन वाजता त्याला भूक लागली. भुकेपुढे लाज किती वेळ टिकणार? त्याने डबा उघडला. शिरखुर्मा अजून कोमट होता. हातशेवया, बारीक चिरलेली खारीक, सोललेल्या चारोळ्या आणि दुधाला आलेला गुलाबी रंग. तीन चमचे खाऊन झाकण लावायचं असं त्याने ठरवलं होतं, पण डबा रिकामा झाला. एवढी चांगली खीर त्याने आयुष्यात खाल्ली नव्हती. जरा बेचव असती तर बरं झालं असतं. काचेपलीकडे याकूब चार नंबरवर काम करत होता, तेही रोजच्यासारखंच, नेटकं.

साडेतीनला गाडी भरून गेली. हरिहर सरांनी रविराजच्या पाठीवर थाप मारली. याकूब टाइम ऑफिसकडे निघाला तेव्हा रविराज टॉयलेटमध्ये जाऊन उभा राहिला, आणि हात दोनदा धुतले.

डबा घरी आला. त्याच्या बायकोने, रुपालीने, तो घासला आणि उलटा करून बघितला. बुडाला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: बाबूलाल म. मणेर.

"कुणाचा हो?"

"याकूबच्या वडिलांचा. ईदची खीर दिली होती."

"आणि तुम्ही एकट्यानं संपवली? धन्य आहे." मग ती म्हणाली, "रिकामा नाही द्यायचा बरं का. मी काहीतरी करून देते."

तिने रव्याचे लाडू केले. रविराजने डबा कंपनीत नेला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. डबा द्यायचा म्हणजे खिरीचं बोलायचं. खिरीचं बोलायचं म्हणजे त्या दीड तासाचं बोलायचं. आज नको, उद्या देऊ, असं करत चार दिवस गेले आणि लाडू त्याने चहाबरोबर स्वतःच संपवले. रुपालीने विचारलं, "आवडले का त्यांना?" तो म्हणाला, "हो, फार." एका खोट्याला सोबत म्हणून दुसरं आलं.

म्हातारबाबा त्याच आठवड्यात गावी परतले होते. मे महिन्यात एकदा याकूब केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. काम काहीच नव्हतं. "साहेब, एक विचारायचं होतं," एवढं म्हणाला. रविराजला वाटलं, आता निघालं हे प्रकरण. त्याने लगेच चार नंबरच्या डायचा विषय काढला, त्यावरून मेंटेनन्सवर घसरला, मेंटेनन्सवरून ऑडिटवर. याकूबने सगळं ऐकून घेतलं. "बरं साहेब," म्हणून गेला. नंतर पुन्हा काही विचारायला आला नाही.

बकरी ईदला आठ दिवस राहिले असताना सकाळी साडेसहाला याकूबचा फोन आला. अब्बा रात्री झोपेतच गेले. शेजारणीने सकाळी दार वाजवलं तेव्हा कळलं.

"तू निघ. बाकीचं मी बघतो," रविराज म्हणाला.

याकूब चार दिवसांनी परत आला. रविराजने रजेचा फॉर्म पुढे ओढला. कारणाच्या रकान्यात याकूबच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, वडील वारले. चार दिवस. बकरी ईदला देतो म्हणून रविराजने शब्द दिला होता तेही चारच. त्याने सही केली. बकरी ईदच्या दिवशी याकूबच्या चौकोनावर त्याने न विचारताच पिवळा रंग दिला होता, तरी याकूब सात वाजता हजर.

"अरे, आज सुट्टी आहे तुला."

"माझे चार दिवस झाले की साहेब," याकूब म्हणाला. टोमणा नव्हता तो, हिशेबाला पक्का माणूस होता. पण रविराजला तो शब्द लागला तो लागलाच.

त्यानंतर डबा ड्रॉवरच्या तळाशी गेला. वर फायली आल्या. रविराजला कधी कधी जुना कागद शोधताना बोटाला ती कडी लागायची. तो ड्रॉवर लावून टाकायचा. बाप जिवंत होता तेव्हा साठपासष्ट दिवस होते, त्यातल्या कुठल्याही दिवशी नुसता डबा पुढे करून "वडिलांना सांग, खीर झकास होती" एवढंच म्हणायचं होतं. आठवडी बाजारात माणूस अनोळख्याशीही एवढं बोलतो. आता तो शब्द द्यायचा कुणाला?

ह्या वर्षी ईद अकरा दिवस अलीकडे आली. रविराजने रोस्टर केलं आणि याकूबच्या नावापुढे पाच चौकोन कोरे ठेवले. दुसऱ्या सेटरला महिनाभर आधी चार नंबर शिकवून घेतलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय. हरिहर सर म्हणाले, हे पांढरं काय दिसतंय? रविराज म्हणाला, "ते चंद्राचं आहे सर." हरिहर सर दोन शब्द बोलले. ते ऐकायला एक मिनिटही लागलं नाही, आणि रविराजच्या लक्षात आलं की गेल्या वर्षी आपण ज्याला भ्यालो ते एवढंच होतं.

सत्ताविसाव्या रोज्याला शिफ्ट सुटताना त्याने याकूबला वर बोलावलं. आदल्या रात्री त्याने डबा घरी नेऊन रुपालीला सगळं सांगितलं होतं, लाडवांसकट. तिने उठून डबा पुन्हा घासला आणि त्यात साखर भरून दिली. "आता तरी द्या," एवढंच म्हणाली.

याकूब आला. रोज्याने चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले. "साहेब, पाच दिवस कोरे ठेवलेत तुम्ही. माझं तीन-चारात भागेल. उद्या गावाकडं निघतो. अब्बांशिवायची ही पहिली ईद. नमाज झाली की कबरस्तानात जायचंय."

"पाचही घे," रविराज म्हणाला. त्याने ड्रॉवर उघडला, डबा काढून टेबलावर ठेवला.

याकूबने आधी डबा ओळखला नाही. मग टेबलावरच कलता केला, बुडाच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि खुर्ची ओढून न विचारता बसला. रविराजच्या केबिनमध्ये तो कधी बसला नव्हता.

"अम्माच्या रुखवताचा होता," तो म्हणाला. "अब्बांनी नंतर आपलं नाव घातलं. आम्ही घरभर धुंडाळला साहेब, ते गेल्यावर."

"माझ्याकडे होता. वर्षभर." रविराज म्हणाला. बाहेर शिफ्टचा भोंगा वाजून गेला. "याकूब, त्या दिवशी ते दीड तास गेटवर उभे होते. मी मीटिंगमध्ये नव्हतो. मी इथंच होतो. मला वाटलं, ते तुझ्या सुट्टीसाठी आलेत. त्यांना तोंड द्यायला लागू नये म्हणून मी खोटं सांगितलं."

याकूब डब्याकडेच बघत होता. "माहीत आहे साहेब."

"चिमाजीनं सांगितलं?"

"नाही. अब्बांनीच. त्यांनी बघितलं होतं तुम्हाला खिडकीत. काच उघडी होती म्हणाले थोडी."

रविराजला खाली बसावंसं वाटलं, पण तो बसलेलाच होता. पन्नास वर्षं दारोदार हिंडून बांगड्या विकलेला माणूस. दाराच्या फटीतून बघून आत सरणारी माणसं त्याला काय नवी होती?

"मग काही बोलले नाहीत?"

"मीच चिडलो घरी गेल्यावर. अब्बा म्हणाले, साब कू शरम आ रही होंगी, तू कुच बोलू नक्को. बस इत्ताच पूछ, खीर पसंद आई क्या." याकूबने डब्याची कडी सारखी केली. "ती खीर त्यांनीच केली होती साहेब. अम्माच्या हातची तशी. पहाटे चारला उठून चारोळ्या सोलत बसले होते. गावी गेल्यावर रोज फोनवर विचारायचे, पूछा क्या साब को? मी म्हणायचो, विचारतो, विचारतो. एकदा आलो होतो वर. तुम्ही कामात होता."

मे महिन्यातली ती दुपार रविराजच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मेंटेनन्स, ऑडिट, आणि दारात उभा राहिलेला हा माणूस. तो चिडायला आला नव्हता. बापाचा एक प्रश्न घेऊन आला होता, आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं.

"आवडली का साहेब?" याकूबने विचारलं. पहिल्यांदाच त्याने मान वर करून सरळ रविराजच्या डोळ्यांत बघितलं.

"सगळी खाल्ली," रविराज म्हणाला. "एवढी चांगली मी कधी खाल्ली नाही. पातेलं असतं तर पातेलं संपवलं असतं. मी सांगायला पाहिजे होतं रे. खूप आधी सांगायला पाहिजे होतं."

काही हरकत नाही, असं याकूब म्हणाला नाही. रविराज त्याचीच वाट बघत होता, पण तो ते म्हणाला नाही आणि ते बरोबरच होतं. त्याने डबा हातात घेतला, वजन जाणवलं तसं झाकण उचलून आत पाहिलं.

"साखर आहे," रविराज म्हणाला. "रिकामा कसा देणार."

"आज रोजा ह्यानंच सोडतो." याकूबने झाकण घट्ट बसवलं आणि उठला. दारापर्यंत जाऊन थांबला. "कबरीवर गेलो की सांगतो अब्बांना. आवडली म्हणून."

तो गेल्यावर रविराज खिडकीशी गेला आणि काच पूर्ण सरकवली. खाली याकूब आवार ओलांडत होता, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. चिमाजीने काहीतरी विचारलं, याकूबने मान हलवली. रविराज खिडकीत उभा राहिला, मागे सरला नाही, गेटमधून सहज दिसेल असा उभा राहिला. पण याकूबने वर बघितलंच नाही. त्याला रोजा सोडायला घरी पोचायचं होतं.